सहावी, दुसऱ्यांदा

रॉन्डा कुबेनाचं धाकट्या बहिणीवर प्रेम नव्हतं असं आमच्या होलुब गावात कुणी म्हणणार नाही. ट्वायलाला ताप आला की सूपचं भांडं घेऊन पहिली पोचायची ती रॉन्डाच. ट्वायलाची गाडी बंद पडली की नवऱ्याला, डेलला, अर्ध्या जेवणावरून उठवून पिटाळायची तीही रॉन्डाच. फक्त ट्वायलाचं काही चांगलं झालं की हिच्या पोटात दुखायला लागायचं. बहिणीचं वाईट झालेलं तिला बघवायचं नाही आणि चांगलं झालेलं तर त्याहून बघवायचं नाही. बरं, लपवायची अक्कल म्हणावी तर तीही नाही. तोंड एक बोलायचं आणि नाकपुड्या दुसरंच सांगायच्या.

सुरुवात झाली शेवंतीच्या फुलापासून. आमच्या टेक्ससात शाळेचा वर्षाचा मोठा सामना असतो ना, जुने विद्यार्थी गावी परततात तो, त्या दिवशी मुलगा आपल्या आवडत्या मुलीला शेवंतीचं फूल देतो. फूल कसलं, ताटच ते. खाली गुडघ्यापर्यंत लोंबणाऱ्या रिबिनी, रिबिनींना घुंगरं, पोरगी चालली की शाळाभर छुमछुम. फुटबॉल आमच्याकडे हाताने फेकून खेळतात, आणि त्या वर्षी शाळेच्या संघाचा क्वार्टरबॅक होता जीन ओर्साक. क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातातून प्रत्येक चेंडू सुटतो तो, आणि आमच्याकडे पाद्रीसाहेबांच्या खालोखाल मान त्याचाच. जीनने एकदोनदा रॉन्डाची पुस्तकं उचलली होती. एवढ्यावर बाईसाहेबांनी आरशासमोर उभं राहून फूल कुठे टाचायचं ती जागा ठरवून ठेवली. फूल घरी आलं ते ट्वायलासाठी. पुढे जीनने लग्नही ट्वायलाशीच केलं, आणि त्या लग्नाचा केक रॉन्डाने स्वतः भाजला. सगळ्यांनी तारीफ केली, पण रॉन्डाने त्यातला तुकडाही तोंडात घातला नाही.

जीन लवकर गेला. हायवेवर ट्रकने उडवला. पोरगा, रीस, तेव्हा चार वर्षांचा होता. अंत्यविधीला रॉन्डा हमसून हमसून रडली आणि ते रडणं खोटं नव्हतं. पण अख्खं गाव ट्वायलाभोवती गोळा झालं तेव्हा हिच्या मनात येऊन गेलंच, की आजसुद्धा हीच मधोमध उभी. विधवा बहिणीचाही हेवा करणारी बाई. आता काय बोलायचं?

ट्वायला वृद्धाश्रमात नर्स होती. घरी पोराला बघायला कोणी नाही, म्हणून पाच वर्षं भरली न भरली तोच तिने रीसला शाळेत घातला. त्यामुळे तो वर्गात सगळ्यात लहान, शर्टात हरवलेला. रॉन्डाचा क्लेटन याच्या उलट. त्याचा वाढदिवस सप्टेंबरच्या पाच तारखेला, म्हणजे शाळाप्रवेशाच्या एक सप्टेंबरच्या तारखेनंतर चारच दिवसांनी, म्हणून तो आधीच वर्गात सगळ्यात थोरला. रीसच्या पुढे एक इयत्ता आणि वयाने जवळजवळ दोन वर्षं. दोघं मावसभाऊ, पण सख्ख्यांहून सख्खे. एकाला मारलं की दुसरा रडायचा.

रॉन्डाची बेकरी कोर्टाच्या चौकात. पहाटे उठून ती कोलाच्या भाजायची. मऊसूत गोड पाव, मधोमध जर्दाळू नाहीतर चीज. आमचे आजोबा-पणजोबा युरोपातल्या चेक मुलखातून बोटीने आले तेव्हा सोबत एवढंच घेऊन आले होते म्हणतात. दुपारी दुकान आवरून ती घरी यायची, तेव्हा मागच्या अंगणात दोघं पोरं झाडाला टांगलेल्या टायरमधून चेंडू फेकत असायची.

एका दुपारी ती खिडकीतून बघत होती. क्लेटन बारा वर्षांचा, दणकट. टायर स्थिर असला की चेंडू बरोब्बर आरपार. मग रीसने टायरला हिसका देऊन झोके दिले आणि दहा वर्षांच्या त्या काडीने झोके खाणाऱ्या टायरमधून चेंडू काढला. परत काढला. परत.

"कसं जमतं रे तुला?" क्लेटनने विचारलं.

"टायर आहे तिथे नाही टाकायचा," रीस म्हणाला. "येणार आहे तिथे टाकायचा."

"ए, दाखव ना परत."

क्लेटनला कौतुक वाटलं. खिडकीतल्या बाईच्या छातीत मात्र कळ उठली. जीन ओर्साकचा हात. फूलही तिकडे गेलं, नवराही तिकडे गेला, आता हातसुद्धा तिकडेच उतरला होता.

आमच्याकडे एक रीत आहे. बापलोक पोराला शाळेत एक वर्ष मुद्दाम मागे ठेवतात. एक वर्ष जास्त म्हणजे दोन इंच जास्त, वीस पौंड जास्त, आणि मैदानात समोर एक वर्षाने लहान पोरं. सातवीत किंवा त्यानंतर ठेवलं तर नियम आडवा येतो, म्हणून जाणकार लोक सहावीतच ठेवतात. पण ते कुणाला? जो वर्गात लहान असतो त्याला. आधीच सगळ्यात थोरल्या पोराला कुणी मागे ठेवत नाही. शिवाय एकोणीस पूर्ण झालेल्याला शाळेच्या संघात घेत नाहीत, तिथेही एक सप्टेंबरची रेघ आहे. क्लेटनचा पाच तारखेचा वाढदिवस त्या रेघेपलीकडे चार दिवसांनी पडत होता. रॉन्डाने ते बरोबर हेरलं.

आणि खरं सांगायचं तर तिला क्लेटनच्या इंचांचं फारसं पडलं नव्हतं. क्लेटन एक इयत्ता पुढे राहिला असता तर तो शाळेतून एक वर्ष आधी बाहेर पडला असता, आणि मागे राहिलेलं ते एक वर्ष रीसचं झालं असतं. एक वर्ष रीस ओर्साक होलुबचा क्वार्टरबॅक. ट्वायला स्टँडमध्ये मधोमध उभी. तेवढं एक वर्षही रॉन्डाला द्यायचं नव्हतं.

वर्गशिक्षिका म्हणाली, "मिसेस कुबेना, पोराला गणितात ऐंशीच्या वर मार्क आहेत. मागे कशाला ठेवताय?" रॉन्डा म्हणाली, आमचं घरचं आम्ही बघू.

डेल खडीचा ट्रक चालवायचा. मुळातच कमी बोलणारा. त्याने एवढंच विचारलं, "पोराला काय सांगायचं?"

"गणित कच्चं आहे म्हणून सांगायचं. बाईच म्हणाल्यात म्हणून."

"खोटं?"

"मग काय खरं सांगू? तू गप्प बस, डेल. तुला यातलं कळत नाही."

क्लेटन पलंगावर पालथा पडून रडला. त्याला पूल आवडायचे. डेलच्या ट्रकमधून जाताना प्रत्येक पुलाखाली थांबायला लावायचा, घरी येऊन काड्यांचे पूल करायचा. "मला सगळी गणितं येतात गं आई," तो म्हणाला. रॉन्डा त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "वरवर येतात राजा. पाया कच्चा आहे." बारा वर्षांच्या पोराचा आईवर विश्वास नसेल तर कुणावर असेल? त्याने काड्या उचलून ठेवल्या त्या कायमच्या.

पुढे हायस्कूलची चार वर्षं रॉन्डाच्या मनासारखी गेली. क्लेटन समोरच्या पोरांहून खांदाभर उंच. तो मागे उभा राहायचा, निवांत बघायचा आणि फेकायचा. दोन पोरं अंगावर लोंबकळली तरी पडायचा नाही. रीस त्याच्या हाताखाली, कधी बाकावर, कधी त्याच्या फेकी झेलायला. दर शुक्रवारी सामन्याआधी रॉन्डा संघासाठी कोलाच्या पाठवायची, प्रत्येकीवर साखरेने पोराचा नंबर. सगळ्यांना जर्दाळू. रीसच्या नंबरावर मात्र सुकवलेला आलुबुखार, जो फक्त वृद्धाश्रमातले म्हातारे पोट साफ व्हावं म्हणून खातात. एवढ्याशा कोलाचीतही बाईने सूड घेतला. ट्वायलाच्या लक्षात आलं होतं की नाही कोण जाणे. ती दुकानात आली की म्हणायची, "रॉन्डा, तुझा क्लेटन काय खेळला गं काल." आणि रॉन्डा म्हणायची, "रीसनेही चांगलं पाणी दिलं सगळ्यांना."

एकदाच गडबड झाली. बाद फेरीच्या सामन्यात क्लेटनच्या गळ्याजवळचं हाड मोडलं आणि पंधरा वर्षांच्या रीसला आत पाठवलं. समोर शहरातली शाळा, दाढीमिश्या आलेली पोरं. त्यांनी त्याला आपटून आपटून घेतला. सामना हरला, पण शेवटची शिट्टी वाजेपर्यंत कुणी जागेवरून हललं नाही आणि दुसऱ्या दिवशी चौकात सगळ्यांच्या तोंडी एकच नाव होतं. रॉन्डाने त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं. डोकं दुखतंय म्हणाली.

मग क्लेटन मोठ्या विद्यापीठात गेला. दोन वर्षं बाकावर बसला, दोन वर्षं खेळला, चांगला खेळला. शिकायला घेतलं खेळ-व्यवस्थापन, कारण त्यात गणित नव्हतं. हॉटेलात बिल आलं की टिप किती ठेवायची ते दुसऱ्याला विचारायचा आणि स्वतःच हसायचा, "माझा पाया कच्चा." रीसला पश्चिमेकडच्या वाळवंटातल्या एका लहानशा कॉलेजने घेतलं. तिथे तो पहिल्या वर्षापासून खेळला. तिथले सामने टीव्हीवर दिसत नाहीत, म्हणून रॉन्डा निश्चिंत होती.

चार वर्षांनी दोघांचं नाव एकाच ड्राफ्टला लागलं. बत्तीस व्यावसायिक संघ, सात फेऱ्या, तीन दिवस. एकेक नाव पुकारलं जातं, आणि ज्याचं नाव पुकारलं त्याच्या घराण्याचा उद्धार होतो. क्लेटनचं नाव शेवटच्या फेऱ्यांत का होईना येईल असं जाणते म्हणत होते. रीसबद्दल कुणी काहीच म्हणत नव्हतं. रॉन्डाने दर रविवारी मेणबत्ती लावायला सुरुवात केली. क्लेटनचं नाव यावं एवढंच मागते, असं ती म्हणायची. दुसरं जे मागत होती ते मोठ्याने म्हणत नव्हती.

मार्चमध्ये एका सकाळी गर्दी ओसरल्यावर टोपी हातात घेऊन एक पिकल्या केसांचा माणूस दुकानात आला. कॉफी आणि जर्दाळूची कोलाची घेतली, पहिल्या घासाला डोळे मिटले, मग म्हणाला, "मॅडम, माझं नाव लँगफोर्ड. मी उत्तरेकडच्या एका संघासाठी पोरं बघतो. क्लेटन कुबेना तुमचा ना?"

रॉन्डाच्या हातातला चिमटा खाली पडला. ही माणसं अशीच येतात हे तिने ऐकलं होतं. नुसता खेळ बघून यांचं समाधान होत नाही. न्हाव्याला विचारतात, पाद्र्याला विचारतात, कोचला विचारतात. तिने त्याच्यापुढे आख्खी थाळी ठेवली आणि स्टूल ओढून बसली.

"विचारा. काय विचारायचं ते विचारा."

"वय जरा जास्त वाटतं," लँगफोर्ड म्हणाला. "सप्टेंबरात चोवीस पूर्ण होतील. एखादं वर्ष नापास झाला होता का? आमच्या इथे काहींना शंका आहे. आमच्या चाली पाठ करायच्या म्हणजे डोकं लागतं."

"नापास?" रॉन्डाच्या नाकपुड्या फुलल्या. "माझा क्लेटन? अहो, गणितात ऐंशीच्या वर होता तो. आम्हीच सहावीत मुद्दाम मागे ठेवला. अंगाने भरावा म्हणून."

"अच्छा. म्हणजे शाळेत तो इतरांहून..."

"इतरांहून? दांडगा होता दांडगा. कुणाची टाप नव्हती त्याला पाडायची. आरामात उभा राहायचा, सगळं मोकळं दिसेपर्यंत थांबायचा, मग फेकायचा. घाई म्हणून नाही."

"सगळं दिसेपर्यंत थांबायचा," लँगफोर्ड म्हणाला आणि दुसरी कोलाची उचलली. "आणि त्याच्या मागे कोण होतं? बदली?"

"तो? माझ्या बहिणीचा रीस. सोडा हो. एवढंसं पोर, क्लेटनपेक्षा दोन वर्षांनी लहान. एकदा खेळला, क्लेटनचं हाड मोडलं तेव्हा. त्याला काही कळायचंच नाही. पुढची फळी एवढी उंच, त्याला पलीकडचं दिसायचं कुठे? झेलणारा गडी वळायच्या आधीच चेंडू सोडून मोकळा. आंधळा कारभार."

"मग झेल सुटायचे असतील."

"नाही, सुटायचे नाहीत," रॉन्डा नाइलाजाने म्हणाली. "नशीब. दुसरं काय."

"किती वर्षांचा होता?"

"पंधरा. आणि समोर अठरा-अठरा वर्षांचे रेडे. उचलून आपटायचे त्याला. आणि हा वेडा, उठायचा आणि पुढच्या वेळी परत तिथेच उभा. अहो, एवढं आपटल्यावर माणूस जरा घाबरतो की नाही? एवढंही कळत नाही ज्याला, तो काय क्वार्टरबॅक होणार?"

लँगफोर्डने कॉफी संपवली. मग उठला, टोपी घातली, पैसे देऊ लागला. रॉन्डाने घेतले नाहीत. उलट डझनभर कोलाच्या बांधून दिल्या. तो दारात थांबून म्हणाला, "फार उपकार झाले, मॅडम. इतकं नीट कुणी सांगितलं नव्हतं." रॉन्डाने त्याच दिवशी चर्चजवळचा नाचाचा हॉल ड्राफ्टच्या शनिवारसाठी सांगून टाकला. म्हणे, निम्मं काम मी केलंय, उरलेलं देवाने करावं.

त्या शनिवारी भर दुपारी हॉलमध्ये अर्धं गाव जमलं. डेलने पहाटेपासून मांस धुरावर लावलं होतं. मोठा टीव्ही, क्लेटनच्या फोटोचा फलक, क्लेटनच्या नंबराचा केक. ट्वायलाला अगदी पुढची खुर्ची दिली होती. रॉन्डाला तिचा चेहरा बघायचा होता.

"तुझ्या रीसचं काही ऐकलंस का गं?" तिने गोड आवाजात विचारलं.

"नाही बाई," ट्वायला म्हणाली. "तो म्हणतो, मला कोण विचारतंय. मी क्लेटनसाठी आलोय."

दोघं भाऊ टीव्हीसमोर एकाच बाकावर बसले होते. "या फेरीत किती नावं उरली रे?" क्लेटनने विचारलं. "तू मोज. माझा पाया कच्चा." सगळे हसले. डेल मांस उलटायला बाहेर निघून गेला.

टीव्हीवरचा माणूस क्लेटनबद्दल बोलला. हात उत्तम, म्हणाला, पण पहिल्या सामन्याला चोवीस वर्षांचा असेल, आणि एवढ्या वयाचे क्वार्टरबॅक घेऊन आजवर फारसं कुणाचं भलं झालेलं नाही. जे पुढे नावारूपाला येतात ते बहुतेक एकविशी-बाविशीत आलेले असतात.

"चोवीस म्हणजे काय म्हातारा झाला का?" रॉन्डा टीव्हीवर डाफरली. "क्लेटनच्या बापाला विचारा म्हातारपण काय ते."

चौथी फेरी चालू असताना रीसचा फोन वाजला. त्याने नंबर बघितला, ऐकलं, त्याच्या तोंडावरचा रंग उडाला, आणि त्याने फोन क्लेटनच्या हातात दिला. "तुझा आहे. चुकून मला लावलाय."

क्लेटनने फोन कानाला लावला. ते रॉन्डाने पाहिलं. माझ्या पोराच्या कानाला फोन. तिने नुकत्याच आत आलेल्या डेलचा हात धरला, ट्वायलाकडे वळून बघितलं, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिला बहिणीवर निव्वळ माया वाटली. बिचारी, आता हिचंही बघायला हवं, असंसुद्धा तिच्या मनात आलं.

"सर, मी क्लेटन," क्लेटन म्हणत होता. "हो. हो सर, तो इथेच आहे. बरोबर लावलाय तुम्ही." त्याने फोन रीसच्या कानाला लावला, आणि मग त्याला कमरेत धरून जमिनीवरून उचलला. पाच-सात मिनिटांत टीव्हीवर नाव आलं. रीस ओर्साक, क्वार्टरबॅक, वय एकवीस.

हॉल दणाणला. ट्वायला दोन्ही हातांनी तोंड झाकून मधोमध उभी होती. रॉन्डा टाळ्या वाजवत होती. गाल दुखेपर्यंत हसत होती आणि आतून जळून कोळसा होत होती. देवा, तिच्या मनात आलं, मेणबत्त्या मी लावल्या, आणि तू कुणाच्या घरी उजेड पाडलास.

तरी अजून तीन फेऱ्या होत्या. पाचवी गेली, सहावी गेली. माणसं केक खाऊन हळूहळू पांगली. सातवीचं शेवटचं नाव पुकारलं तेव्हा हॉलमध्ये घरचीच माणसं उरली होती. क्लेटनने टीव्ही बंद केला आणि खुर्च्या एकात एक घालून रचायला लागला. रीस धावत जाऊन त्याला हातभार लावू लागला. रॉन्डा क्लेटनच्या नंबराचा उरलेला केक डब्यात भरत होती.

तेव्हा रीसचा फोन पुन्हा वाजला. तो ऐकता ऐकता हसायला लागला, आणि फोन पुढे धरून रॉन्डाकडे आला. "मावशी, तुझ्यासाठी. थांब, सगळ्यांना ऐकू दे." त्याने आवाज मोठा केला.

"मॅडम, लँगफोर्ड बोलतोय. कोलाच्या खाल्ल्या होत्या तो," फोन म्हणाला. "तुमचे आभार मानल्याशिवाय झोप लागली नसती. मी खरा क्लेटनसाठी आलो होतो. रीसचं नाव आमच्या यादीत कुठे तळाशी होतं. तुम्ही सांगितलंत, गडी वळायच्या आधी चेंडू सोडतो, पंधराव्या वर्षी थोरल्या पोरांचा मार खाऊन परत तिथेच उभा राहतो. आम्ही हेच तर शोधत फिरतो हो. आपल्याहून थोरल्यांत जो तरतो, तो आणखी वाढतो. मी जाऊन त्याचे सगळे सामने बघितले. तुमचा शब्द न् शब्द खरा निघाला."

ट्वायला रॉन्डाच्या गळ्यातच पडली. "रॉन्डा," ती रडत म्हणाली. "तू सांगितलंस? माझ्या पोरासाठी तू शब्द टाकलास? आणि मी वेडी, मला वाटायचं तुला आमचं..."

"मला माहीत होतं," रीस म्हणाला. "मावशी शाळेत असल्यापासून माझं वेगळं बघते. सगळ्यांना जर्दाळू, मला एकट्याला आलुबुखार. बाबांना आवडायचा ना, म्हणून."

जीनला आलुबुखार आवडायचा हे रॉन्डाला माहीत नव्हतं. जीनची आवड तिला कधी कळलीच नव्हती. ती बहिणीच्या मिठीत ताठ उभी राहिली आणि तिला हातही वर करता येईना.

"आणि क्लेटनचं वाईट वाटलं," फोन पुढे बोलतच होता. "त्याच्या डोक्याबद्दल आमच्याकडे शंका होती, ती तुम्ही फेडलीत. गणितात ऐंशीच्या वर होता, मागे ठेवलं ते केवळ अंग भरावं म्हणून, हे मी सगळ्यांना सांगितलं. पण शेवटी वयच आडवं आलं. तेवीस वर्षांचा गडी एकोणीस-वीसच्या पोरांना हरवतो तेव्हा त्याच्यात अजून किती शिल्लक आहे ते आम्हाला कळत नाही. नियम नाही हा, पण बहुतेकदा असंच होतं. तो दोन वर्षांनी लहान असता तर गोष्ट वेगळी होती. पोरगा गुणी आहे. त्याला माझा नमस्कार सांगा."

फोन बंद झाला. रीसच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. डेल दारात मांसाचा सुरा हातात धरून उभा होता. तो जमिनीकडे बघत होता.

क्लेटनच्या हातात अजून एक खुर्ची होती. ती त्याने खाली ठेवली, पण तिच्यावर बसला नाही.

"मी सहावीत दुसऱ्यांदा गेलो, त्या पहिल्या दिवशी," तो म्हणाला, "रीसने शेजारची जागा धरून ठेवली होती. त्याला वाटलं मी त्याच्यासाठीच मागे थांबलोय. मी म्हटलं, नाही रे, मला जमत नाही."

"क्लेटन, राजा, ऐक," रॉन्डा म्हणाली. "मी तुझ्या भल्यासाठीच..."

तो तिच्याकडे बघत नव्हता. तो बापाकडे बघत होता, आणि बाप वर बघायला तयार नव्हता. मग तो आईकडे वळला. रागाने नाही. सहावीतल्या पोराने पलंगावरून मान वर करून विचारावं तसं त्याने विचारलं.

"म्हणजे मला गणित येत होतं?"